चौदा सेकंद

रस्त्याखाली माझं दुकान होतं.
दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, एक भिंग
आणि मागच्या भिंतीवर कुणी परत न नेलेली एकतीस घड्याळं.
वर त्बिलिसी, आठ पदरी.
खाली भुयार, मोजे विकणारी इझा,
आणि ओल.

एकोणचाळीस पायऱ्या उतरायच्या, एकोणचाळीस चढायच्या.
जे उतरायचे ते माझं गिऱ्हाईक.
जे उतरत नव्हते
त्यांचा हिशेब मी कधी ठेवला नाही.

तेक्ले समोरच्या औषधाच्या दुकानात काम करते.
घर अलीकडे, दुकान पलीकडे, मध्ये ऐंशी पावलं.
चाकाच्या खुर्चीला पावलं नसतात,
म्हणून रोज टॅक्सी:
नदीपर्यंत जायचं, पुलाला वळसा घालायचा,
आणि परत यायचं आपल्याच घरासमोर.
पगाराचा पाचवा हिस्सा
रस्ता ओलांडण्यात जायचा.

तशी पालिकेने सोय केली होती.
पायऱ्यांवर दोन लोखंडी पट्ट्या ठोकल्या, चाकांसाठी.
इझाने त्यावरून एकदा बटाट्यांची ढकलगाडी सोडून पाहिली,
ती थेट माझ्या दिव्यावर आली.
उद्घाटनाची फीत मात्र
अजून कठड्याला लोंबते आहे.

म्झेविनार चौथ्या मजल्यावर राहतात.
त्यांच्या लिफ्टला नाणं लागतं.
दहा तेत्री टाकून त्या खाली येत,
चिनाराच्या बुंध्याला पाठ टेकून उभ्या राहत,
पलीकडची बाग बघत.
आठवा पदर आला तेव्हा चिनार गेला.
मग त्या विजेच्या खांबाला टेकू लागल्या
आणि खोकू लागल्या.

मार्चमधल्या एका रात्री तेक्लेचा भाऊ
पांढऱ्या रंगाचे दोन डबे घेऊन पायऱ्या उतरला.
म्हणाला, वाझाकाका, रेषा सरळ यायला हव्यात,
तुमचा हात थरथरत नाही.
मला काय वाटलं ते मी त्याला सांगितलं नाही.
लोक वरून जाऊ लागले तर खाली कोण येणार?
आपणच आपल्या पोटावर पाय द्यायचा,
तोही दोरी धरून, सरळ रेषेत.

दोरी धरली.
तीनच्या सुमाराला एक ट्रक थांबला.
वाटलं, आता शिव्या.
चालकाने दिव्यांचा झोत आमच्याकडे वळवला,
सिगारेट पेटवली,
आणि आठवा पट्टा होईपर्यंत हलला नाही.

सकाळी पालिकेची माणसं आली, करडा रंग फासून गेली.
आम्ही पुन्हा. त्यांनी पुन्हा.
चौथ्या वेळी त्यांचा करडा संपला असावा.
पानगळीत सिग्नल आला.

माझं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, हे खोटं कशाला सांगू.
इझा वर गेली, तिच्यामागून मीही टेबल उचललं.
उन्हात बारीक स्क्रू दिसत नाहीत,
डोक्यावर टोपी, डोळ्याला भिंग,
शिवाय धूर.
पण अठ्ठावीस वर्षांनी दुपार कशी होते ते बघतोय.

सिग्नल चौदा सेकंदांचा आहे.
तेक्ले अकरात जाते, हात उंचावून,
आणि पलीकडे एकदा उगाचच गिरकी घेते.
म्झेविनारना सव्वीस लागतात.
मी सात दिवस मोजलं, पालिकेला पत्र लिहिलं,
शिक्क्यासकट उत्तर आलं:
वेळ मानकाप्रमाणे पुरेसा आहे.
कुणाच्या पायांचं मानक,
ते लिहिलेलं नव्हतं.

दुसरं पत्र टेबलावर आहे, एक ओळ व्हायची आहे.
आज त्या निघाल्यात, निळा रुमाल बांधून.
मी बटण दाबलं.
सहाव्या सेकंदाला दुसरा पट्टा.
अकराव्याला काठी उजवीकडून डावीकडे.
तेरा. चौदा.
हॉर्न.
एक लाल मोटार तसूभर पुढे सरकते.
म्झेविनार थांबतात, काठी तिच्या बॉनेटवर टेकवतात,
श्वास घेतात.

पंधरा.
सोळा.