बोटभर जागा

माझा नवरा सकाळपासून कपाटात आहे.
कमरेपर्यंत. बाहेर फक्त लोकरीचे मोजे
आणि मधूनमधून एखादी युक्रेनियन शिवी,
जी सासूबाईंनी मला शिकवायची राहिली.

मूस जॉमध्ये आज उणे एकतीस.
सगळ्यात जवळचा समुद्र हजारावर किलोमीटर लांब,
तोही सध्या गोठलेला.
आणि आमच्या बैठकीत, सोफ्याला लागून,
कोमट खाऱ्या पाण्यात प्रवाळ बोटं हलवतंय
जणू कुणाला तरी ओळखलंय त्यानं.

आधी कपाट, मग गाळणीची टाकी, मग वर काचेची मोठी :
क्रम असा असतो म्हणे.
बोहदाननं मोठी आधी चढवली, भरली,
दोन पिवळे मासे सोडले, त्यांना नावंही ठेवली,
आणि मग आठवलं, खालचं राहिलंच.
लग्नही आम्ही असंच केलं होतं.
घर मागाहून.

कागदावर सगळं बसत होतं.
खोक्याच्या पुठ्ठ्याचा स्किमर, पुठ्ठ्याचा पंप,
पुठ्ठ्याची टाकी, तीस इंच,
त्यावर पेन्सिलनं लाटासुद्धा काढलेल्या.
पुठ्ठा वाकतो.
काच वाकत नाही.
दार साडेएकवीस इंच, मधे खांब.

"खांब कापू का?" आतून आवाज.
"वर साडेचारशे किलो आहे," मी.
बराच वेळ काही नाही.
मग करवत जागेवर ठेवल्याचा आवाज.

शेजारचा थॉर्वाल्ड येतो, बूट न काढता वाकून बघतो,
म्हणतो, लहान टाकी घ्यायची होतीस.
त्याला कॉफी मिळत नाही.

मी अठ्ठावीस वर्षं प्रसूतिकक्षात काढली.
आडवं आलेलं मूल ओढायचं नसतं.
हात ठेवायचा, थांबायचं,
त्याला कुठे वळायचंय ते कळेपर्यंत थांबायचं.
इथे काम उलटं, आत घालायचं होतं,
पण हाडं तीच.
"बाजूला हो," म्हटलं, "आणि टॉर्च धर."
आधी एक कोपरा, मागच्या भिंतीकडे.
मग कुशीवर.
मग खांबाच्या मागून खांदा सोडवत, हळू,
काच लाकडाला घासून एकदा कण्हली
आणि गेली.

तो माझ्याकडे बघत राहिला.
चाळीस वर्षांत असं दोनदाच बघितलंय.

स्किमरचं मात्र जमलं नाही पूर्ण.
वरचा पेला उचलायला अर्धा इंच कमी.
दर रविवारी तो तिरका काढावा लागणार
आणि दर रविवारी तो काळपट रस
त्याच्या मनगटावरून बाहीत जाणार.
वास मेलेल्या बंदराचा.
मी सांगून ठेवलंय, तो शर्ट वेगळा धुवायचा.

शेवटी परीक्षा.
इथे वादळात वीज जाते, आणि पंप थांबला
की वरचं पाणी खाली येतं, न विचारता.
त्यासाठी खाली जागा रिकामी सोडायची असते.
किती, ते गणितानं कळतं,
पण बोहदानचा आजच्या दिवसापुरता गणितावर विश्वास उरलेला नाही.

मी प्लग काढला.
घरघर थांबली. भट्टीचा आवाज तेवढा तळघरातून.
नळीतून पाणी उतरू लागलं,
खालच्या टाकीत चढू लागलं,
खुणेच्या वर, स्किमरच्या गळ्याशी,
त्यानं टॉवेल घट्ट धरलेला, मी श्वास,
वरच्या काचेत ते दोन पिवळे
आपल्याच घराचं वजन कमी होताना बघत,
आणि काठाच्या खाली
ते थांबलं.

त्यानं आत हात घालून
पाणी आणि काठ यांच्यामध्ये तर्जनी आडवी धरली.
मावली.

"आता बाहेर ये," मी म्हटलं.
"येतो," मोजे म्हणाले,
आणि हलले नाहीत.