शेपटीवरची रेघ

लिएपायाच्या बंदरात वजनकाटा माझ्याकडे आहे,
सव्वीस वर्षं.
ट्रक चढतो, हेलकावतो, स्थिर होतो,
हेरिंगचं गुलाबी पाणी फळ्यांमधून गळत राहतं,
मी आकडा लिहिते.
मापात पाप नाही, असं माझ्यामागे बोलतात.
पुढ्यात कुणी काही बोलत नाही.

त्या ऑगस्टात कठड्यावर एक कुरव येऊन बसला.
भुरा, पिंगट, पाठभर खवले,
चोच काळी, डोळा काळा,
आवाज अजून फुटका, मागतकऱ्याचा.
इल्गवार्स म्हणाला, ही वेगळी जात. पांढऱ्यांच्यात चोरून घुसते.
तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस!
मी हसले, पण मलाही तसंच वाटत आलं होतं.

पक्ष्यांच्या पायात कडी घालणारी एल्विता
काट्याच्या खोलीत चहाला यायची.
तिनं सांगितलं: पोरंच आहेत ही.
पांढरं व्हायला चार वर्षं लागतात.
आधी पाठ, एकेक पीस, राखाडी.
पंख तसेच राहतात, उन्हानं विटतात,
कडा झिजून दातेरी होतात, जुन्या नोटेसारख्या.
मग दुसऱ्या उन्हाळ्यात तेही,
डावीकडचं एक, उजवीकडचं एक,
उडणं न थांबवता.

आणि शेपटी बघ, ती म्हणाली.
त्यानं वाऱ्याला तोंड देत शेपटी पसरली होती.
बारा पिसं, बाराही पिसांवर
एकाच उंचीवर एक फिकी रेघ,
पट्टी ठेवून ओढल्यासारखी.
घरट्यात सगळी पिसं एकदमच वाढतात,
उपास पडला की सगळ्यांवर एकदमच उमटतो.

पुढच्या ऑगस्टात तो विटका, अर्धा करडा, विद्रूप होता.
काट्याच्या पत्र्यावर एक पीस मिळालं.
रेघ होती.
पीस रोज किती वाढतं, ते एल्विताला ठाऊक होतं,
अंडं कधी फुटलं, ते तिच्या वहीत होतं.
नखानं मोजत ती मागे गेली:
जुलै, तीन किंवा चार.
मी माझी वही काढली.
जुलै तीन: शून्य.
जुलै चार: शून्य.
जुलै पाच: शून्य. पश्चिमेचा वारा. एकही बोट बाहेर नाही.
माझंच अक्षर.
आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.
चहा गार झाला, तिनं तो तसाच प्यायला.

माझी आई ओठ मिटून हसायची.
पुढच्या दातांवर आडवी खाच होती तिच्या, सगळ्यांवर, एका ओळीत.
एकोणपन्नासच्या मार्चमध्ये
ओम्स्ककडे निघालेल्या गाडीत ती चार वर्षांची होती.
दुधाचे दात पडले, तेव्हा आजी म्हणाली असेल, चला, गेले ते दिवस.
पण खाच खाली, हिरडीत,
नव्या दातांवर आधीच लिहून झाली होती.
माणसाला दात एकदाच गाळता येतात,
तेही फार लवकर.

चौथ्या वर्षी तो आला, तेव्हा मी कड्यावरूनच ओळखला.
डोळा फिका, लिंबाच्या सालीसारखा,
चोचीवर लाल ठिपका,
शेपटी पांढरीशुभ्र, धुतलेल्या टेबलक्लॉथसारखी.
कुठं काही नाही.
पावाचा तुकडा घेतला, आणि माझ्याकडे असं बघितलं,
जसं काट्याच्या खांबाकडे बघावं.

बरं झालं.

आता काटा आपोआप आकडे पाठवतो, मला फक्त बटण दाबायचं.
जुन्या वह्या रद्दीत काढा, असं पत्र आलं आहे.
सगळ्या दिल्या. ती एक ठेवली,
जुलैच्या पानात ते पीस आहे.

आज पुन्हा पश्चिमेचा वारा.
धक्क्यावर बोटी एकमेकींना घासत उभ्या,
इल्गवार्स टायरवर बसून विड्या ओढतोय.
बटण दाबते. शून्य.
वर, गोदामाच्या छपरावर,
चिमणीच्या आडोशाला,
कुणाची तरी शेपटी उगवते आहे.