फावतं

दांडिया बाजारातला खाखऱ्याचा कारखाना.
नऊ बायका, नऊ पोळपाट, सकाळचे साडेसहा.
मी विचारलं, असं खाली बसून त्रास होतो का?
शैला मोहिते लाटणं न थांबवता म्हणाल्या,
"नाही गं, फावतं."
जशोदाबेननी मान डोलावली, "फावे छे."

हा शब्द बडोद्याचा.
पुण्याच्या सरांना फोनवर समजावताना
अर्धा तास गेला माझा.
सोयीचं म्हणावं तर तसं नाही,
सवयीचं म्हणावं तर थोडं जास्त.
दोन्हींच्या मधल्या फटीत
माणूस अंग चोरून बसतं,
ते.

भिंतीवर नव्वद पिवळ्या चिठ्ठ्या.
पाठ. गुडघा. तव्याची धग. शेठ बरे आहेत.
आणि अठ्ठावीस चिठ्ठ्यांवर नुसतंच: फावतं.
कुठल्या ढिगात लावू?
पंख्याने तीन उडून कपाटामागे गेल्या.
मी काढल्या नाहीत.

मग व्हिडिओ पुन्हा पाहिले, आवाज बंद करून.
बायका वेगळंच काही सांगत होत्या.
जशोदाबेन दर दहा-बारा खाखऱ्यांमागे
डावा पाय हाताने उचलून बाहेर ठेवतात,
शेजारणीचं मूल बाजूला सारावं तसा.
शैलाताईंच्या पोळपाटाखाली
मेथीच्या रिकाम्या पोत्याची घडी,
वर एक पाटी, वर अजून एक घडी.

मोजली. सव्वादोन इंच.
माझं पहिलं रेखाटन तिथून निघालं,
म्हणजे त्यांचंच;
मी फक्त पुठ्ठा आणला.

टीव्हीचं खोकं, रावपुऱ्यातली चिकटपट्टी,
तिरकं आसन, खाली पाय सरकवायला पोकळी.
रात्री दीड वाजता
ते मला फार देखणं वाटलं.

सकाळी शैलाताई त्यावर बसल्या.
पुठ्ठा कण्हला.
त्या उठल्या, खोकं फिरवून पुढ्यात ओढलं,
पोकळीत पिठाचा डबा सरकवला,
वर पोळपाट ठेवला
आणि पुन्हा जमिनीवर बसल्या.
"हां. हे असं असतंय."

माझी मान खाली. वहीत मी 'आसन' खोडलं.

दोन खाखरे झाले.
"कसं वाटतं?"
"फाव..."
लाटणं थांबलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.
"नाही गं. इथं कोपर अडतंय.
नाही फावत."

मी पेन्सिल शोधत होते, ती केसांतच होती.
तोवर त्यांनी पिठाच्या बोटाने
पुठ्ठ्यावर रेघ ओढली:
"इथून काप."