रकाना अकरा

तडवी बाबूंनी चष्मा कपाळावर ढकलला
आणि पेनाच्या मागच्या टोकानं दाखवलं:
रकाना अकरा. कुटुंबाचं सध्याचं निवासस्थान.
सोबत भाडेपावती, महसूल तिकिटासह.

मी म्हटलं, राहतो तर आम्ही आहोतच.
ते म्हणाले, राहण्याला पुरावा लागतो, ताई.

भटू गेला त्याला एकोणीस दिवस झाले.
प्रादेशिक सेना. अर्धवेळ शिपाई.
वर्षातले थोडे दिवस गणवेश,
बाकीचे जामनेर रोडवर मोटारी रिवाइंड करायच्या,
बोटांना वार्निशचा वास.
शेजारची सिंधूमावशी विचारते,
"अर्धा शिपाई म्हंजे, गोळी बी अर्धीच लागस का व माय?"
आणि स्वतःच हसून पदर तोंडाला लावते.

पहिलं प्रशिक्षण. त्याला तिथं मिळालंय
एक खाट, मच्छरदाणी, पत्र्याची पेटी,
भिंतीवर रंगवलेला नंबर.
म्हणजे त्याची सोय झाली, बाबू सांगतात,
सोय झालेल्याला घरभाडं कशाचं?
मग थांबून: पण लग्न झालेल्याचं वेगळं असावं.
असावं. पूर्णवेळवाल्यांचं असेलच.
अर्धवेळवाल्यांचं, तेही शिकत असताना...
जाड फाईल काढली, फुंकर मारली,
चार पानं उलटली, परत ठेवून दिली.
"वर विचारावं लागेल."
वर पंखा होता. भुसावळचा मे महिना, आणि तो बंद.

आमची खोली रेल्वेची.
क्वार्टर सपकाळे आप्पांच्या नावावर,
आप्पा राहतात साकेगावला, स्वतःच्या घरात,
आणि दर पाच तारखेला सायकल भिंतीला टेकवून
मागच्या मोरीपाशी उभे राहतात.
अडीच हजार. दोनदा मोजतात.
पावती म्हटल्यावर त्यांनी आधी गल्ली पाहिली, मग मला.
"पोरी, पावती दिली तर माझी नोकरी जाईल, तुझी खोली जाईल.
कागदावर इथं मीच झोपतो."

तर आप्पा इथं कागदावर झोपतात,
भटू तिथं नंबराखाली झोपतो,
आणि मी, जी खरोखर इथं झोपते,
यार्डात रात्रभर डबे आदळत असताना,
अर्जाच्या भाषेत अवलंबित.
अवलंबित. दोरीवर कपडे नसताना
राहिलेल्या चिमट्यासारखा शब्द.

कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे
पन्नास रुपयांत पावती मिळते, सहीसकट.
मालकाचं नाव काय टाकू, त्यानं विचारलं,
काहीही चालतं.
मी नोट काढलीसुद्धा.
मग आठवलं, जायच्या आदल्या रात्री भटूनं
माझ्या दुधाच्या वहीत सहा वेळा सही करून पाहिली होती,
तिथल्या कागदांवर नीट यावी म्हणून.
सहावी चांगली आली होती.
त्या नोटेची मी भरताची वांगी घेतली.
एकटीला एकच पुरलं असतं.

रविवारी पाच मिनिटं फोन.
"कशी शे तू?"
भत्त्याचं त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
विचारलं, मोरीजवळचा बोर्ड अजून ठिणग्या टाकतो का,
हात लावू नको, मी आल्यावर बघतो.
बरं, म्हटलं.
बोर्ड मी परवाच उघडला होता, मेन स्विच पाडून.
तार सोलली, स्क्रू कसला, वर चिकटपट्टी.
थोडी जास्तच गुंडाळली.

सोमवारी रकाना अकरा भरून नेला:
यार्डाच्या बाजूची तिसरी ओळ, शेवटून दुसरं दार,
मालगाडी गेली की मांडणीवरच्या वाट्या वाजतात ते.
तडवी बाबूंनी वाचलं. पुन्हा वाचलं.
"पावती?"
"नाही."
ते काही बोलले नाहीत. खोडलंही नाही.
डबी उघडून अर्जाच्या कोपऱ्याला टाचणी लावली,
जोडायला दुसरा कागद नव्हता तरी.