सतरा नंबर

पुण्याहून आलेला पोरगा आधी पांढरे मोजे घालतो,
मग चिमट्याने चित्र उचलतो, टाके काढावेत तसं.
"काका, सतरा नंबर. ज्योतीराम सुतार, समडोळी.
आजवर फक्त चार निघालेत. दोन माझ्याकडेच आहेत.
पाचवं असेल तर पंचेचाळीस हजार. आत्ता. रोख."

माझी पेन्शन मी मनातल्या मनात
त्या आकड्यात किती वेळा बसते ते बघतो.

त्याच्याकडे कारणांची वही आहे.
कुणी सांगितलं, ज्योतीराम भडकला,
उष्ट्या गोळीला माझं तोंड चिकटतं म्हणून वकील गाठला.
कुणी सांगितलं, तो खानापूरच्या मैदानात चीत झाला
तेव्हा पोरांनी त्याला चुलीत घातला.
कुणी म्हणतं, खेपच्या खेप नदीत गेली.
तो सगळं लिहून घेतो. मी बशीत चहा ओततो.

एवढं खरं, की चार नंबर आणि नऊ नंबर
पोरांनी देवासारखे जपले. खांद्यावर गदा, भगवा फेटा.
वहीत डकवले, ट्रंकेत ठेवले, लग्नानंतरही ठेवले.
म्हणून तर आज मिरजेच्या रद्दीत ते मुठीने मिळतात.
ज्याला कुणी जपलं नाही त्यालाच आज मोजे घालून धरतात.

पण सतराचं तसंही नाही.

मारुती चौकाच्या मागे पारीसा मगदुमांचा कारखाना,
लिमलेटच्या गोळ्या, दहा पैशाला पुडी, पुडीत एक पैलवान.
ट्रेडल मी मारायचो. सन त्र्याहत्तर.
यंत्राचा उजवा मागचा पाय डुगडुगायचा,
फरशी खचली होती, छाप हलायचा,
पैलवानांना दोन-दोन नाकं यायची.
शेठ म्हणाले, पाचर मार.
लाकडाच्या अड्ड्यापर्यंत कोण जातंय, एप्रिलच्या दुपारी?
कापल्यावर सतराची थप्पी नेमकी माझ्या डाव्या हाताशी पडायची.
तीच सारली.
फरशी खचत गेली तशी मी थप्पी वाढवत गेलो.
वर्षभर छपाई सुबक झाली. सगळ्यांना एकच नाक.

एकदा तो स्वतः आला.
कान मोडलेले, सायकलला दुधाच्या किटल्या.
"माझं चित्र निघतंय म्हणं. पोरगी हट्ट धरून बसलीया.
वीस पुड्या फोडल्या, तिला मी काय घावलो न्हाई."
यंत्र चालू होतं. एक पहार लावली असती
तर पाय दोन बोटं उचलला असता.
मी म्हणालो, पुढच्या खेपेला या.
शेठनी त्याला मूठभर गोळ्या दिल्या. त्याने टोपीत घेतल्या.

हे मी पोराला सांगत नाही. फळीवरून ठोकळा काढून देतो.
दोन हजार पाचच्या पुरानंतर यंत्र भंगारात गेलं,
तेव्हा पायाखालून निघालेला.
वंगण, गाळ आणि कागद यांची एक वीट.
वरच्या तोंडाला डोळे नाहीत. मिशीचं एक टोक आहे.

तो कडेने भिंग फिरवतो. घाम फुटतो त्याला.
"काका, मधले चांगले असणार. वाफ दिली तर सुटतील.
नाहीतर सगळ्याचाच लगदा."
मी विचारतो, "किती असतील?"
"दीडशे. दोनशे."
आणि मग तो थांबतो.
मला दिसतं, तो आपली दोन चित्रं
दोनशेच्या ढिगात टाकून बघतोय.

मोजे काढतो. वही बॅगेत, बॅगेची चेन.
"राहू द्या, काका. आहे तसंच राहू द्या.
आणि कुणाला दाखवू नका."
उरलेला चहा उभ्यानेच पितो.

पोरगी आता साठीची असेल. समडोळीतच दिली होती म्हणतात.
तिकडची एसटी पावणेपाचला सुटते.
मी स्टोव्हला पंप मारतो, पातेलं चढवतो.
पाण्याला वाफ धरायला वेळ आहे अजून.