सत्तेचाळीस रकाने

गुंडेटी दिवाणजींच्या स्क्रीनवर सत्तेचाळीस रकाने होते.
काळ्यावर हिरवे, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
बोट टेकवायलाही रिकामी जागा नाही.
पार्टी, पेटी, वजन, सूत, रंग, रंगाचा कोड, रंगाचा जुना कोड,
बीम नंबर, उधारी, उधारीचे दिवस,
आणि शेवटी एक रकाना नुसता ‘इतर’ नावाचा,
त्यात एका ठिकाणी लिहिलेलं :
मुलीचं लग्न आहे, जूनपर्यंत तगादा नको.

मी पुण्याहून शिकून आले होते
की मोकळी जागा म्हणजे समोरच्याचा मान.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात दोन महिने बसले,
कीबोर्डवरचा कापसाचा भुगा फुंकत,
आणि ते सगळं धुऊन काढलं.
कार्डं केली, गोल कडांची. एका कार्डात एक पार्टी.
बाकीचं ‘अधिक पाहा’च्या मागे
घडी घालून ठेवलं.
मालकांचा मुलगा म्हणाला, वा, आता कसं स्वच्छ!

दिवाणजी काहीच बोलले नाहीत.
हैदराबादहून फोन आला तेव्हा त्यांनी माऊस धरला,
परक्याचं तान्हं मूल धरावं तसा.
अधिक पाहा. मागे. अधिक पाहा. मागे.
पलीकडचा माणूस थांबला, थांबला,
मग ठेवला त्यानं.
“काय शोधायलालाव काका?”
“काही नाही की ओ.
आधी शोधावं लागत नव्हतं.”

तीस वर्षांत त्यांनी तो पडदा कधी वाचलाच नव्हता.
उधारी सहा आकडी झाली की
नवव्या रकान्यात ओळ जराशी बाहेर यायची,
चादरीच्या काठाला सुटलेला धागा यावा तशी.
तेवढं त्यांना पुरे होतं.
मी तो काठ कापून टाकला होता. सफाईनं.

खाली शेडमध्ये यल्लप्पा आठ माग एकटा बघतो.
त्या खडखडाटात मी त्याच्या कानाशी ओरडून विचारलं,
वीण किती दाट ठेवायची, कसं ठरवता?
त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
कुठेतरी एक धागा तुटला होता,
तो सांधला, मग ओरडला,
“चादर हाय का टॉवेल, ते सांगा की आधी!”

पॅकिंगच्या हॉलमध्ये नरसूबाईंकडेही
तेच सत्तेचाळीस रकाने चालू होते.
त्यांना हवा फक्त पेटीचा नंबर,
आणि ट्रक आला की नाही, एवढंच.
त्यांनी पेटीचा पुठ्ठा कापून स्क्रीनवर चिकटवला होता,
मधोमध एक चौकोनी खिडकी पाडून.
खिडकीत एक आकडा.
बाकीचा कारखाना पुठ्ठ्याआड.
“भ्या वाटायचं हो,” त्या म्हणाल्या,
“सगळेच एकदम बोलायलालेत असं.”

मी टेप आणून त्या खिडकीचं माप घेतलं.
नरसूबाईंच्या नव्या पडद्यावर आता
पुठ्ठ्यातल्याएवढाच एक आकडा आहे, ठसठशीत,
आणि खाली ट्रक, आला तर हिरवा.
दिवाणजींना ओळी परत दिल्या. सगळ्या.
आकडे फक्त उजव्या कडेला टेकवले,
पाच-पाच ओळींनंतर एक फिकी रेघ,
आणि रंगाचा जुना कोड काढून बघितला.
दुसऱ्या दिवशी त्यांनी तो परत मागितला.
गदगचा एक गिऱ्हाईक अजून जुन्याच कोडनं माल सांगतो म्हणे.

मालकांच्या मुलाला पाहिजे तो पडदा
मला अजून जमलेला नाही.
त्याला सगळं दिसायला हवं आणि काहीच दिसायला नको,
शिवाय मोबाईलवर.
रात्री दोन ओळींमधलं अंतर
अर्ध्या अर्ध्या पॉइंटानं हलवत बसते,
उजेडासमोर कापड धरून
आरपार किती दिसतं ते बघावं तशी.

काल ‘इतर’मध्ये एक नवी नोंद दिसली,
कुठल्याच पार्टीच्या नावापुढे नाही :
ताईनी पुठ्ठा नेला.
नरसूबाई विचारायलालेत.
परत द्यावा.