बाकी निरंक

कुवेत शहर, मिरकाब, अकरावा मजला.
खिडकीतून समुद्र दिसतो,
म्हणजे दिसायचा, समोर बँकेचा मनोरा उभा राहीपर्यंत.
मी वृंदा खोपकर, खतावणी विभाग.
सत्तावीस वर्षं एका देशाची फाईल माझ्याकडे आहे.

देश म्हणजे मूठभर बेटं.
बोटी लागायला धक्का हवा होता, म्हणून कर्ज घेतलं,
माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी.
धक्का एका वादळात गेला.
कर्ज तरंगत राहिलं.

दर डिसेंबरात मी पत्र धाडते:
आमच्या वहीप्रमाणे आपणाकडून येणे अमुक इतके,
तपासून, मान्य असल्यास सही करून पाठवावे.
फेब्रुवारीच्या आसपास ते परत येतं.
मान्य.
खाली सही, हमादी म्बाए, लेखापाल.
सुरुवातीला ताठ,
मग वळणावर दम खाणारी,
मग शेवटचं अक्षर ओळ सोडून खाली उतरलेली.

फोटो नाही पाहिला, आवाज नाही ऐकला.
घरी मुलगा जेवताना विचारायचा,
"आई, तुझ्या देशाने पैसे दिले का गं?"
तुझ्या देशाने. मी आमटी वाढायचे.

एका वर्षी पत्राला टाचणीने चिठ्ठी:
बाईसाहेब, व्याजात आपण पंधरा फिल्स कमी लावले आहेत.
दुरुस्ती व्हावी.

पंधरा फिल्स!
इथे एवढ्यात चहातली साखरसुद्धा येत नाही.
मी हसले.
मग चष्मा काढून बराच वेळ बसून राहिले.
ज्याच्या खजिन्यात पगाराला पैसे नव्हते
त्याने दिव्याखाली बसून
स्वतःच्याच देशाविरुद्ध पंधरा फिल्स शोधून काढले.
आणि मी काय केलं?
चूक कबूल केली असती तर साहेबांपुढे उभं राहावं लागलं असतं.
रक्कम गुपचूप अनामत खात्यात ढकलली.
उत्तर दिलं नाही.
मागील पानावरून पुढे, मागील पानावरून पुढे.

यंदा रमजानच्या आधी निर्णय झाला.
दोन झेंडे, दोन पेनं, हात हातात, फोटो.
इंडियन मेसमध्ये कुणीतरी मोठ्याने बातमी वाचली,
"कर्ज माफ."
माफ. गुन्ह्याला लावतो तोच शब्द.
धक्का नेला समुद्राने आणि माफी बेटांना!
अरबी मसुद्यात मात्र शब्द वेगळा होता. इब्रा.
मोकळं करणं, नजीब म्हणाला,
आजारातून उठवणंही त्याच धातूतलं.
मला त्यात आपला 'बरा' ऐकू आला.
असेल योगायोग. असू दे.

फाईल बंद करायला बसले तर संगणक ऐकेना.
कोट्यवधी पुसले गेले होते एका ओळीत
आणि पडद्यावर लाल अक्षरांत
बाकी ०.०१५.
अनामत खातं करारात धरायला
दोन्ही मंत्री विसरले होते.

गेली तीन वर्षं पत्रावर सही दुसऱ्याच कुणाची.
आधी 'करिता' असतं, इतकंच.
विचारायचं कुणाला? तसा रकाना नाही.

पर्स उघडली.
दहाचं एक नाणं, पाचचं एक.
दोन्हींवर शीड उभारलेलं गलबत,
कुठल्या धक्क्याकडे निघालंय कोण जाणे.
नजीबने खिडकीतून पाहिलं, वेड्या बाईकडे पाहावं तसं.
"भरणाऱ्याचं नाव?"
मी सांगितलं, हमादी म्बाए.
त्याने दोनदा स्पेलिंग विचारलं.

पावतीची एक प्रत फाईलला लावली. बाकी निरंक.
दुसरी पाकिटात घातली, पत्ता पाठच होता,
आणि कोपऱ्यात लिहिलं, जे नऊ वर्षांपूर्वी लिहायचं होतं:
आपलं बरोबर होतं. चूक माझी.

खाली सही केली.
शेवटचं अक्षर
ओळ सोडून जरा खाली उतरलं.